काळ्या लोकरीची राख

भाजलेला माणूस आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत आला की माझं पहिलं काम औषध लावायचं नसतं, पुसायचं असतं. बारामतीतल्या एका दवाखान्यात मी चौदा वर्षं नर्स आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं याच खोलीत गेली. भाजल्यावर घरात जे हाताला लागेल ते माणसं फासून येतात. टूथपेस्ट तर ठरलेलीच, तिचा वास जखमेच्या आधी खोलीत शिरतो. मग हळद, खोबरेल तेल, किसलेला बटाटा, डोशाचं पीठ. एकदा एका बाईंनी देव्हाऱ्यातलं कुंकू तुपात कालवून लावलं होतं. एक मास्तर पायावर निळ्या शाईची अख्खी बाटली ओतून आले. म्हणाले, "शाईनं आग कमी होते हो." मी म्हटलं, "सर, पायावर निबंध लिहायचा होता का?" ते हसले, पण मी पुसायला घेतल्यावर त्यांचं हसू गेलं.

ते पुसणंच सगळ्यात वाईट. जखमेवर वाळून बसलेलं पीठ भिजवून भिजवून काढताना मोठमोठी माणसं कळवळतात. मला आधी त्यांचा राग येतो, मग वाईट वाटतं, मग परत राग येतो. माझा स्वभावच तसा आहे. खोलीतले मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, मला म्हणतात, "सिस्टर, तुमचं बोलणं जखमेपेक्षा झोंबतं."

तर एके दिवशी सांगवीची एक बाई आली. उतू चाललेलं दुधाचं पातेलं उतरवताना हातातून निसटलं होतं आणि दूध घोट्यावर सांडलं होतं. तीन दिवस होऊन गेलेले. घोट्यावर काळंकुट्ट काहीतरी जाड थापलेलं आणि त्याच्या कडेनं पू येत होता.

"मावशी, हे काय लावलंय?"

"राख हाय. काळ्या मेंढीच्या लोकरीची. तुपात कालवल्याली. सणसरच्या तात्यांनी दिली. लई गुणाची हाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पुसत राहिले. सणसरचे तात्या म्हणजे माझे सासरे.

आमचं घर मूळचं मेंढरं राखणारं. मी सून होऊन आले तेव्हा मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. कालव्याच्या कडेला ऊस होता, नवरा बारामतीला कंपनीत शिफ्टवर जात होता. गोठ्यात दोन गाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी दोन काळ्या मेंढ्या. मला वाटलं, जुनी हौस म्हणून ठेवल्या असतील. नंतर कळलं की त्या औषधासाठी ठेवल्यात. वर्षातून दोनदा तात्या त्यांची लोकर कातरायचे, ती मातीच्या परळात जाळायचे, राख फडक्यातून गाळून घरच्या तुपात घोटायचे आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचे. दोन दिवस घरभर जळक्या केसांचा वास. मी नाकाला ओढणी लावून फिरायची आणि तात्या मला बघून मिशीत हसायचे.

त्या डब्यासाठी लांबलांबून माणसं यायची. इंदापूरच्या बाजूनं, पळसदेवहून, खाली सांगवीपासून. तात्या जेवायला बसले असले तरी ताटावरून उठायचे. त्यांचे तीन नियम होते. औषधाचा एक पैसा घ्यायचा नाही, समोरच्यानं आणलेला नारळसुद्धा नाही. औषध घेऊन निघालेल्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि भाजलेल्या जागेला पाणी लागू द्यायचं नाही. हा तिसरा नियम ते रस्त्यापर्यंत चालत जाऊन परत सांगायचे, "पाणी लावू नगा बरं का. पाणी लागलं की फोड उठतोय, आन फोड फुटला की हात जातोय."

खरं सांगायचं तर मला तात्या फार आवडतात. लग्न झाल्यावर माझी नोकरी चालू राहावी म्हणून घरात कुणी भांडलं असेल तर ते. पहाटेच्या ड्यूटीला मला फाट्यापर्यंत सोडायला तेच यायचे. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मी त्या डब्याकडे काणाडोळा केला. येणाऱ्यांत बहुतेकांना पोळल्याचा छोटासा चट्टा असायचा. तवा लागला, तेलाचा थेंब उडाला, असलं काहीतरी. ते काही न लावताही आठदहा दिवसांत बरं होतंच. नाव राखेचं व्हायचं. आणि ज्यांचं बिघडायचं ते माझ्या खोलीत यायचे, तात्यांकडे नाही. मागं वळून बघायचं नाही म्हटल्यावर परत येऊन सांगणार कोण?

सांगवीच्या बाईंना महिनाभर ड्रेसिंगला यावं लागलं. पहिल्याच दिवशी मी घरी गेले ती तणतणतच. तात्या ओसरीवर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तात्या, तुमच्या राखेनं आज एका बाईचा घोटा सडायला आला होता."

"पाणी लावलं आसंल तिनं."

"पाणी लावायलाच पाहिजे होतं! भाजल्या भाजल्या नळाखाली धरायचं, वीस मिनिटं. गार पाण्यानं आतली उष्णता निघून जाते. तुम्ही तूप आणि राख लावता, म्हणजे ती उष्णता आतच कोंडता. वर घाण जाते ती वेगळीच."

"पाणी?" तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी जखमेवर मीठ टाका म्हणतेय. "पोरी, माझ्या बापानं लावली, त्याच्या बापानं लावली. हजार मान्सं बरी झाली ती काय खोटी?"

"ती आपोआप बरी झाली, तात्या. तुमच्या राखेनं नाही."

हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. पण माझी जीभ एकदा सुटली की लवकर थांबत नाही. मी पुढे म्हणाले, "भाजलेलं नीट बघितलं नाही तर काय होतं ते कशाला लांब शोधायचं? आईंच्या हाताकडे..."

आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला आणि सासूबाईंची हाक, "पोरी, आत ये आदी. कांदं चिरायचं हायती."

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पळसदेवच्या. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळून तिथंच घट्ट झाली आहेत, उघडत नाहीत. त्यांनी थापलेल्या भाकरीच्या कडेला त्या दोन बोटांचे दोन खळगे उठतात. माझी मुलगी त्याला 'आजीचा शिक्का' म्हणते आणि शिक्क्याची भाकरी नसेल तर ताटावर बसत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ओळखलं होतं की ही भाजून आखडलेली बोटं आहेत. विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "ल्हानपनी चुलीत हात ग्येला." मी मानलं होतं.

आत गेले तर कांदे कुठंच नव्हते. आईंनी दार लोटलं आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"ल्हानपनी न्हाय," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन चार म्हैनं झालं हुतं."

तेव्हा घरची मेंढरं होती. याच गावात, कालव्याच्या कडेच्या एका रानात बसवली होती. आईंनी तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं ठेवलेलं. ढवळताना दगड सरकला आणि उकळतं माडगं डाव्या हातावर आलं. माडगं घट्ट असतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं. आई ओरडत कालव्याकडे पळाल्या. कालवा दहा पावलांवर होता आणि पाणी सुटलेलं होतं.

"आन यांनी मला धरलं," त्या म्हणाल्या. "दंडाला धरून मागं ओढलं. पाणी लावायचं न्हाय, हात जाईल, म्हनून. मी लई झटापट केली. पर जवान गडी त्यो. मग राख लावली, मूठ मिटवली आन धडप्यात गच बांदून टाकली. रडत हुते सोता. रातभर माझा हात मांडीवर घिऊन बसलं. म्हैन्यानं सोडलं तवा मूठ उगडंना. बाकीची बोटं मी रोज तेल लावून वढून वढून सरळ क्येली. ही दोन न्हाय आली."

दवाखान्यात असले हात मी खूप बघितलेत, पण त्यातल्या कुठल्या हातचं रोज जेवत नव्हते.

"त्यांना काय वाटतं?" मी विचारलं.

"त्यांना वाटतं राखंनं हात वाचला. न्हायतर मनगटापासून काडावा लागला आस्ता. गावभर सांगितलंय त्यांनी. माझ्या हातामुळंच तर मान्सं यायला लागली." त्यांनी ती दोन बोटं उजव्या हातात धरली. "पोरी, पाण्यानं बोटं राहिली आस्ती का गं?"

मी नर्स आहे, खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "सांगता येत नाही, आई. पण इतकं खोल गेलं नसतं. आणि बोटं सुटी सुटी, सरळ बांधली असती तर बरीच वाचली असती."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं असं मला वाटलं. "मंग त्यांना कदी सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "माझी दोन बोटं ग्येली ती ग्येली. आता म्हातारपनी त्या मानसाचं काळीज कशाला घालवायचं? बाकी काय बी सांग. माझ्या हातावरनं बोलू नगंस."

मी शब्द दिला आणि अडकले. दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कातडीचा प्रश्न होता. आणि ज्या एका गोष्टीनं तात्यांचा हात थांबला असता तीच सांगायची नव्हती. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला त्यानं आपल्याच बायकोचा हात अधू केला. एका बाजूला परकी माणसं, दुसऱ्या बाजूला माझं घर.

पुढची दोनेक वर्षं मी आडवळणानं लढले. अंगणवाडीत बायकांना जमवून सांगितलं. भाजलं की पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. कापड चिकटलं असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. काही म्हणजे काही लावू नका, स्वच्छ धुतलेल्या कापडानं सैल झाका आणि दवाखाना गाठा. बायकांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाली, "किती छान सांगता हो ताई." दुसऱ्या आठवड्यात तीच मिसरीच्या तव्यावर पोळलेला अंगठा घेऊन माझ्या डोळ्यांदेखत ओसरीवर आली आणि तात्यांपुढे हात पसरून बसली. मी दारातून डोळे वटारले तर म्हणाली, "ताई, तुमचं बी खरं हाय. पर तात्यांचं आपलं घरचं हाय."

तात्या मोठ्या ऐटीत डबा उघडायचे आणि माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायचे. त्या भांडणानंतरचा आमचा अबोला तोवर संपला होता, थट्टा सुरू झाली होती. कुणी आलं की ते हाक मारायचे, "आगं ये नर्सबाई, गिऱ्हाईक आलंय, भांडायला ये."

आणि मग माझीच फजिती झाली. रविवार होता. मी कुकरची वाफ पुरती जायच्या आत झाकण काढायला गेले आणि वाफेनं मनगट पोळलं. सगळ्या जगाला शिकवणारी मी काय केलं असेल? फ्रिज उघडला, बर्फाचा ट्रे काढला आणि त्यातले खडे मनगटावर दाबून धरले. आग थांबली, किती बरं वाटलं! पाच मिनिटांनी बघते तर कातडी पांढरीफटक, बधिर. भाजलेली कातडी बर्फानं आणखी मरते, हे मी शिकाऊ मुलींना दर वर्षी सांगते. दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्या मनगटावर पट्टी बांधली आणि बांधताना एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त झोंबलं.

घरी तात्यांनी सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता हे वर्षभर चिडवणार. संध्याकाळी ते जवळ येऊन बसले, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला ठावं आसून चुकलीस व्हय?"

"चुकले."

"मंग आता काय वाटतंय?"

"काय वाटायचंय? लाज वाटते. पण चूक कळली ना, पुढच्या वेळी नाही करायची."

"येवढंच?"

"एवढंच, तात्या."

ते बराच वेळ कालव्याकडे बघत बसले. मला वाटलं उसाच्या पाण्याच्या पाळीचा विचार करतायत.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, शेजारची सून चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ओरडतच आमच्या अंगणात आली. पोरीनं ओट्यावरचं चहाचं भांडं ओढलं होतं. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत लालबुंद. पोरीची आई धापा टाकत होती आणि तिच्या मुठीत टूथपेस्टची ट्यूब तशीच होती. "तात्या, तात्या, लवकर," एवढंच तिला म्हणता येत होतं. तात्या तोवर डबा घेऊन बाहेर आले होते.

माझी सुट्टी होती. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, ते टाकून पळाले. "हात नळाखाली घ्या!" मी ओरडले, पण ती बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती तात्यांपुढे बसली होती. तात्यांनी दोन बोटं डब्यात घातली. मी त्यांचं मनगट धरणार, तेवढ्यात माझ्या आधी आई पुढे आल्या. त्यांच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. त्यांनी त्या पोरीला तिच्या आईच्या मांडीवरून सरळ उचललं आणि हौदाच्या नळाकडे चालू लागल्या.

"आगं, पाणी...!" तात्या ओरडले आणि मागं धावले. त्यांनी आईंचा दंड धरला.

आई थांबल्या. त्यांनी तात्यांच्या त्या हाताकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी आसंच धरलं हुतं तुमी मला. दहा पावलांवर पाणी हुतं. आज सोडा."

तात्यांचा हात सुटला. डबा खाली पडून घरंगळत गेला. आईंनी नळ पूर्ण सोडला आणि पोरीचा हात त्याखाली धरला. पोरीचा पंजा त्यांच्या त्या आखडलेल्या दोन बोटांच्या आधारानं पाण्यात उघडा राहिला होता. मी तिच्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या उतरवल्या, काळा दोरा कापून काढला, फोनवर वेळ लावली. पोरगी आधी किंचाळत होती, पाच मिनिटांनी नुसती रडायला लागली, दहा मिनिटांनी हुंदके देत आमच्या मेंढ्यांची नावं विचारायला लागली. वीस मिनिटं कुणीच हललं नाही. तात्या हौदाच्या कठड्याला टेकून उभे होते आणि पोरीच्या हाताकडे नाही, आईंच्या हाताकडे बघत होते.

वेळ झाल्यावर मी तिच्या हातावर धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा सैल टाकला, अंगाभोवती शाल गुंडाळली आणि त्या दोघींना घेऊन बारामतीला गेले. डॉक्टर म्हणाले, "पाणी कोणी घातलं? फार छान केलं." मी म्हटलं, "सासूबाईंनी." दोन आठवड्यांत त्या पोरीचा हात भरून आला. बोटं पाचही सरळ. आजही ती आमच्या अंगणात येते तेव्हा मी नकळत आधी तिची बोटं बघते आणि मला इतकं बरं वाटतं की तिला काहीतरी खाऊ दिल्याशिवाय राहवत नाही.

पण तात्या गप्प झाले. डबा कुणीतरी उचलून फडताळात ठेवला होता, तो त्यांनी परत उघडला नाही. जेवायला बसले की भाकरी हातात घेऊन तिच्या कडेचे दोन खळगे बघत राहायचे. एकदा तर भाकरी तशीच ठेवून उठले. मला चैन पडेना. ज्याची भीती होती तेच झालं होतं. मी आईंना म्हटलं, "आई, तुम्हीच मला नको म्हणाला होतात." आई म्हणाल्या, "लेकराचा हात हुता गं. मी तवा कुटं इचार केला?" आणि थोड्या वेळानं, "कळू दे. रडंल आन व्हईल सरळ. माझं मानूस हाय, मला ठावं हाय."

नवव्या का दहाव्या दिवशी पळसदेवहून एक माणूस मोटारसायकलवर आला. सायलेन्सरला पोटरी लागून तळहाताएवढी पोळली होती, नुकतीच, बारामतीला जाताना आमच्या फाट्यावरच. "तात्या, राख द्या." मी दारात उभी राहिले. तात्या उठले, त्याला दंडाला धरून हौदापाशी नेलं आणि नळ सोडला.

"तात्या, तुमीच म्हनायचा ना, पाणी लावू नगा?"

"म्हनत हुतो," तात्या म्हणाले. "चुकत हुतो."

त्या माणसाचा विश्वास बसेना. तो पाय काढून घ्यायला लागला. तेव्हा तात्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आगं, जरा हात दाखव ह्येला." आई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि हात पुढे केला. "ह्ये माझ्या राखंचं काम हाय," तात्या म्हणाले. "पाणी जवळ हुतं. मी लावू दिलं न्हाय. तू आता गप बस, ईस मिनटं."

माझ्या अंगणवाडीच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन बोटांनी झालं. माणूस गप्प बसला. तात्यांनी त्याला घड्याळ लावून बसवलं, कसले कसले मेंढरांचे किस्से सांगितले, मग मला हाक मारली, "नर्सबाई, फुडचं तुझं." मी पोटरी कापडानं झाकून दिली आणि दवाखान्याचा रस्ता दाखवला. निघताना तो माणूस सवयीनं मान खाली घालून सरळ चालू लागला. तात्या मागून म्हणाले, "आता मागं बघितलं तरी चालतंय. आन न्हाय बरं झालं तर परत यिऊन सांग मला." आता येतात माणसं परत. बरं झालं ते सांगायला येतात, नाही झालं तेही येतात, आणि तात्या दोघांनाही चहा पाजतात. काळ्या मेंढ्या अजून गोठ्यात आहेत, आता नुसत्या हौसेच्या.

पण मला सांगायची आहे ती पळसदेवचा तो माणूस आला त्याच दिवशीची दुपार. कालव्याला पाणी सुटलेलं होतं. मी मागच्या दाराशी कपडे गोळा करत होते. बघते तर तात्या आईंना घेऊन कालव्याच्या कडेला चाललेले. दोघं पायरीच्या दगडावर बसले. तात्यांनी आईंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि वाहत्या पाण्यात बुडवून धरला.

"आवं, ह्ये काय?" आई म्हणाल्या. "मला काय आता भाजलंय व्हय? गार लागतंय. भाकरी टाकायच्यात."

"बस," तात्या म्हणाले. "ईस मिनटं."

"लोक बघत्याली."

"बघू दे."

आई हसल्या. मग हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि हात मात्र पाण्यातून काढला नाही. तात्या मान खाली घालून पाण्याकडे बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. मी पुढे गेले नाही. कपडे हातात घेऊन तिथंच उभी राहिले आणि सवयीनं फोनवर वेळ बघितली. परत बघितली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती, आणि ती दोघं अजून तिथंच बसली होती.